हातासरशी

घरातल्या घरात, बाजारात न जाता, एका बैठकीत करता येतील अशा वस्तूंचं हे पुस्तक आहे. पाकीट, पिशवी, आकाशकंदील, टोपली, वहीची पुठ्ठ्याची बांधणी, दाराचं तोरण, बाळाचं दुपटं, गणपतीचं मखर. यातल्या बहुतेक वस्तू महाराष्ट्रातल्या घरांत कुणी ना कुणी करत आलेलं आहे. तरीही पुस्तक का, तर त्या करताना आजी-आजोबांच्या हाताला जे ठाऊक होतं ते शब्दांत फारसं कुणी लिहून ठेवलं नाही. कृती सापडतात, चित्रफिती तर ढिगानं सापडतात. पण अमुक कागद अमुक बाजूनंच का दुमडायचा, पिशवीला इथं टाका लागतो आणि तिथं का लागत नाही, हे त्यात क्वचितच सांगितलेलं असतं. म्हणून या पुस्तकाची प्रकरणं वस्तूंनुसार पाडलेली नाहीत, सामानानुसार पाडली आहेत. आधी कागद, मग पुठ्ठा, मग कापड आणि दोरा, मग लगदा, शेवटी बांबू.

यामागे माझी एक ठाम समजूत आहे. घरी करायची वस्तू सोपी होते ती सामानामुळे. जे काम सामान आपणहून करायला तयार असतं ते त्याच्याकडून करून घेतलं की आपले कष्ट निम्म्यावर येतात. ते ओळखलं नाही तर साधं पाकीटसुद्धा दुपारभर छळतं.

एकच उदाहरण घेऊ. जुन्या टी-शर्टची पिशवी अर्ध्या तासात होते, सुई न लावता. बाह्या कापायच्या, गळा खोल कापायचा, खालच्या कडेला तीन इंच खोल आणि दीड इंच रुंद अशा पट्ट्या कापायच्या आणि पुढची पट्टी मागच्या पट्टीशी गाठ मारत जायचं. उलटी केली की पिशवी तयार. खांद्यावरची शिवण हाच तिचा बंद. हीच कृती जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर केली तर चार दिवसांत पिशवीच्या दशा लोंबायला लागतात. टी-शर्टचं कापड विणीचं असतं, एकात एक अडकवलेल्या फासांचं. ते कापलं की कड स्वतःभोवती गुंडाळली जाते, पण धागे सुटे होत नाहीत. साडीचं कापड मागावरचं, उभ्या-आडव्या धाग्यांचं. कापलेल्या कडेला धाग्याला धरून ठेवणारं काहीच उरत नाही, म्हणून तिथं कड दुमडून टीप मारावीच लागते. एवढं एकदा कळलं की कपाटातला कुठला कपडा कशासाठी काढायचा हे पुस्तक न उघडता ठरवता येतं. ते ठरवता यावं अशीच माझी इच्छा आहे.

कागदाचं प्रकरण सगळ्यात मोठं आहे, कारण कागद सगळ्यात जास्त मिळतो आणि सगळ्यात कमी समजून घेतला जातो. कारखान्यात कागद तयार होतो तेव्हा पाण्यासारखा पातळ लगदा वेगानं धावणाऱ्या जाळीवर पसरतो. त्यातले तंतू जाळीच्या धावण्याच्या दिशेला वळतात आणि त्याच दिशेत वाळतात. त्यामुळे कारखान्याच्या प्रत्येक कागदाला एक उभी आणि एक आडवी बाजू असते, डोळ्यांना दिसत नसली तरी. वर्तमानपत्राचं पान वरून खाली फाडून पाहा, पट्टीनं आखल्यासारखं सरळ फाटतं. आडवं फाडा, फाटणी भलतीकडे पळते. तंतूंच्या दिशेनं घातलेली घडी स्वच्छ बसते, आडवी घातली तर कडेला कागद तडकतो, विशेषतः कार्डशीटसारखा जाड कागद असेल तर. शाळेत प्रत्येकानं केलेला घोटीव कागदाचा कंदील आठवून पाहा: कागद दुमडून चिरा द्यायच्या, उलगडून नळकांडं करायचं. त्याच्या पट्ट्या तंतूंच्या दिशेनं कापल्या तर ताठ राहतात आणि छान फुगतात. आडव्या कापल्या तर संध्याकाळपर्यंत मरगळतात. मुलाला वाटतं आपला हात वाईट. हातात काही दोष नसतो, फक्त कागद फिरवून घ्यायचा राहिलेला असतो.

ओलाव्याचंही तसंच आहे. पाणी लागलं की तंतू जाडीनं फुगतात, लांबीनं जवळजवळ वाढत नाहीत. म्हणून कागद ओला झाल्यावर एकाच दिशेनं पसरतो आणि गुंडाळी होते. कागदाच्या लहान चौकोनाची एक बाजू ओल्या बोटानं पुसली तर तो ज्या दिशेनं नळीसारखा वळतो, ती नळी तंतूंना समांतर असते. दिशा ओळखायची ही सगळ्यात खात्रीची युक्ती. पुठ्ठ्यावर रंगीत कागद डकवला की पुठ्ठा वाकतो तोही यामुळेच: ओला कागद पसरून चिकटतो आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला ओढतो. पुस्तकबांधणी करणारे दुसऱ्या बाजूलाही कागद लावतात. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की पुठ्ठा सपाट राहतो. हातकागदाची गोष्ट वेगळी. तो साच्यात उचलून सगळ्या बाजूंनी हलवलेला असतो, त्यामुळे तंतू सगळीकडे विखुरतात आणि कागद दोन्ही बाजूंनी सारखाच फाटतो. पुण्यात शिवाजीनगरला असलेल्या हातकागद संस्थेत एकदा जाऊन तो साचा पाहून यावा, असं मी प्रत्येकाला सांगते.

चिकटवायला काय वापरायचं, यावर थोडं विस्तारानं. फेविकॉल 1959 सालापासून बाजारात आहे आणि लाकडाला, कापडाला, पुठ्ठ्याला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण पातळ कागदासाठी मी आजही खळच करते. एक वाटी मैद्याला चार ते पाच वाट्या पाणी. आधी थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून घ्यायच्या, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरं मिश्रण एका क्षणी पारदर्शक आणि चकचकीत होतं. पिठातला स्टार्च साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी पिऊन फुगतो, तो हा क्षण. त्याआधी उतरवलं तर खळ चिकटत नाही. खळीचा मोठा गुण हा की ती सावकाश वाळते. कागद लावल्यावर सरकवता येतो, उचलून परत लावता येतो, सुरकुती बोटानं बाहेर काढता येते. लहान मुलांसाठी ही सवलत फार मोलाची आहे. बांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, कसर आणि झुरळं लागू नयेत म्हणून. ते विष आहे, घरात मुलं असताना ते घालू नये. खळ लागेल तेवढीच करावी आणि दोन दिवसांत संपवावी.

आता बांबूकडे, म्हणजे आकाशकंदिलाकडे. पुस्तकात तो शेवटी आला आहे, पण मला त्याच्याविषयी इथंच लिहायचं आहे, कारण सामान आणि आकार एकमेकांना कसे सांभाळून घेतात हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्याच घरगुती वस्तूत दिसत नाही.

आपला जुना, कामट्यांचा कंदील हा सहा चौकोनांचा असतो. सारख्या जाडीच्या, साधारण 20 सेंटिमीटर लांबीच्या 24 कामट्या घ्यायच्या. चार-चार बांधून सहा चौकोन करायचे. एक चौकोन तळाला आडवा, एक माथ्याला आडवा. उरलेले चार मध्ये उभे करायचे, पण बाजूवर न टेकवता टोकावर, प्रत्येकाचं आडवं टोक शेजाऱ्याच्या टोकाला भिडवून. माथ्याच्या चौकोनाचे चार कोपरे या चौघांच्या वरच्या टोकांना बांधायचे, तळाच्या चौकोनाचे खालच्या टोकांना. असे एकूण 12 सांधे होतात आणि प्रत्येक सांध्यात दोन चौकोन भेटतात. कंदिलाची उंची चौकोनाच्या कर्णाएवढी, म्हणजे सुमारे 28 सेंटिमीटर भरते. एवढं झालं की लक्षात येतं, चौकोनांच्या मधल्या जागांत आठ समभुज त्रिकोण आपोआप तयार झाले आहेत. त्यांच्यासाठी एकही कामटी जास्तीची लागलेली नाही. भूमितीत ज्या तेरा घनाकृती आर्किमिडीजच्या नावानं ओळखल्या जातात, त्यांतली ही एक. ती दरवर्षी आपल्या ओट्यावर, गॅलरीत, चाळीच्या कठड्याला लटकत असते.

हा सांगाडा पहिल्यांदा बांधणारा माणूस एका ठिकाणी हमखास निराश होतो. सगळ्या गाठी घट्ट मारूनही सांगाडा लटपटतो. हातात धरून किंचित पिळला की पिळतो, सोडला की एका अंगाला झुकतो. मग गाठी आणखी आवळल्या जातात, कामट्या मोडतात. गाठींचा यात काही संबंध नाही. चार काड्यांचा चौकोन हा मुळातच ढिला आकार आहे. कोपऱ्यांतून तो हलतो, टोकाकडून दाबला की चपटा होतो. त्रिकोण तसा होत नाही, त्याच्या तीन बाजूंची लांबी ठरली की त्याचा आकारही ठरतो. आपल्या कंदिलात आठ त्रिकोण आहेत खरे, पण सहा चौकोन मोकळेच आहेत. याचा नेमका हिशोबही आहे: 12 सांधे अवकाशात पक्के बसायचे तर निदान 30 दांड्या हव्यात. आपल्याकडे आहेत 24. सहा कमी पडतात आणि चौकोनही बरोबर सहाच आहेत. प्रत्येक चौकोनात एकेक तिरपी काडी टाकली की हिशोब पुरा होतो आणि सांगाडा ताठ उभा राहतो. अमेरिकन संकल्पक बकमिन्स्टर फुलर यांना हाच आकार पिळून मिटतो ही गोष्ट इतकी भावली की त्यांनी त्या हालचालीला त्या काळातल्या एका नाचाचं नाव दिलं, जिटरबग.

पण आपल्या कंदिलात तिरप्या काड्या कुणी घालत नाही. घातल्या तर उजेड अडतो आणि सावल्या पडतात. ते काम कागद करतो. चौकोनावर ताणून बसवलेला पतंगाचा कागद म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांचा कर्ण. कामट्यांना खळ लावून, किंचित ओलसर हातानं कागद बसवला की वाळताना तो आकसतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा ताणला जातो. त्यानंतर सांगाडा पिळून पाहा, हलत नाही. म्हणून कागद लावायचा क्रम महत्त्वाचा: आधी चौकोन, मग त्रिकोण. माथ्याचा आणि तळाचा चौकोन दिव्यासाठी नि हवेसाठी उघडा ठेवायचा असतो, म्हणून त्या दोघांत मात्र एकेक कामटी तिरपी टाकायची. तिलाच दिव्याची वायर आणि टांगायची दोरी बांधता येते. चौकोन लावताना दुसऱ्या कुणीतरी सांगाडा सरळ धरून ठेवावा, कारण या वेळी जो आकार असेल तोच कायमचा राहतो. त्रिकोणांना दुसरा रंग, कडांना सोनेरी पट्टी, खाली झिरमिळ्या, हे ज्याच्या त्याच्या हौसेवर. दिवा मात्र एलईडीचाच लावा. तारेचा बल्ब तापतो आणि पतंगाच्या कागदाला ती उष्णता सोसत नाही.

मला या कंदिलाची एवढी ओढ का, तर हा पूर्ण आकार कुणा एका शास्त्रज्ञानं कागदावर मांडून घरोघरी पोचवलेला नाही. तो करणाऱ्यांच्या हातांनी शोधला आणि सांभाळला. त्यातलं गणित नंतर कळलं तरी चालतं, पण कळल्यावर हात आणखी सफाईदार होतो, असा माझा अनुभव आहे.

चौकोन ढिला आणि त्रिकोण पक्का ही गोष्ट हजारो मुलांच्या हाताला समजावून दिली ती अरविंद गुप्ता यांनी. आयआयटी कानपूरचे हे अभियंते 1978 साली नोकरीतून रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या गावच्या बाजारात जे मिळत होतं त्यातून त्यांनी सामान निवडलं: आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. नळीचा छोटा तुकडा, त्यात दोन्हीकडून काड्या खुपसल्या की हलता सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण, चारांचा चौकोन, मग पाच, सहा. बोटांत धरून दाबून पाहायचं, बाकी कुणी काही सांगायचं नाही. पुढं अनेक वर्षं ते पुण्यात आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात खेळणी करत राहिले आणि 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांची पुस्तकं मराठीतही आहेत. या पुस्तकातल्या बांबूच्या प्रकरणावरचं ऋण उघडच त्यांचं आहे.

हाताशी असलेल्या सामानातून शिकायचं हा विचार महाराष्ट्रात त्याच्याही आधीचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि नंतर कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा शिंपले, बिया, पानं, फुलं, माती हीच शिक्षणाची साधनं होती. परदेशी लाकडी साधनांची किंमत त्या मुलांच्या शाळेला परवडणारी नव्हती आणि ती साधनं त्या मुलांच्या ओळखीचीही नव्हती. वर्ध्याला ऑक्टोबर 1937 मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या योजनेत हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणा होता, आणि टकळीवर सूत काढलेली पिढी आपल्याकडे अजून आहे. मद्रासला तर 1893 सालीच टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं अख्खं पुस्तक लिहिलं होतं. त्यात कंपास नाही, पट्टी नाही, फक्त कागदाचे तुकडे आणि एक छोटा चाकू. हे सगळे लोक आपापल्या परीनं एकच गोष्ट करत होते. ते मुलाच्या हातात वस्तू देण्याआधी सामान देत होते.

म्हणूनच आज शाळाशाळांतून ‘टाकाऊतून टिकाऊ’ नावाच्या स्पर्धांत जे चालतं त्याविषयी मला बोललं पाहिजे. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी पाण्याची बाटली विकत आणली जाते, पाणी ओतून दिलं जातं, बाटलीवर चमकी, लेस, थर्माकोलचे मणी, रंगीत टेप चिकटवली जाते आणि पेन ठेवायचं भांडं तयार होतं. घरात पेन ठेवायचं भांडं आधीच असतं. आठवड्यानं ही वस्तू कचऱ्यात जाते, आणि आता ती भंगारवालाही घेत नाही. नुसती बाटली त्यानं घेतली असती. नुसती रद्दी वजनावर विकली जाते आणि तिचा पुन्हा कागद होतो, पण चमकी आणि प्लॅस्टिकची टेप चिकटवलेली रद्दी कुठंच जात नाही. आपण टाकाऊचं टिकाऊ करतो म्हणताना उपयोगी टाकाऊचं निरुपयोगी टाकाऊ करत असतो. या पुस्तकात मी दोन नियम पाळले आहेत. वस्तू घरात वापरली जाईल, निदान सण संपेपर्यंत तरी. आणि तिचं काम संपल्यावर तिचे भाग वेगळे करता येतील: कागद रद्दीत, कापड पुसण्यात, बांबू आणि लगदा मातीत. चमकी या पुस्तकात एकाही पानावर नाही.

पुठ्ठ्याच्या प्रकरणातलं मखरही याच विचारातून आलं. महाराष्ट्र सरकारनं मार्च 2018 मध्ये प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली, तेव्हा गणपतीच्या सजावटीचं काय, असा प्रश्न घरोघर पडला. उत्तर कुठल्याही दुकानामागं पडलेलं होतं, खोक्यांचा पुठ्ठा. या पुठ्ठ्याच्या आत नागमोडी कागदाच्या नाळ्या असतात. नाळ्या उभ्या ठेवल्या तर पुठ्ठा आश्चर्य वाटावं इतकं वजन पेलतो, खांब करायला हीच दिशा. कमान करायची तर नाळ्यांच्या दिशेला समांतर दाब देत वाकवायचं, म्हणजे तो मुकाट वळतो. घडी हवी तिथं शाई संपलेल्या बॉलपेनानं पट्टीला धरून रेघ दाबून घ्यायची. संपलेलं बॉलपेन हे माझ्या मते घरातलं सगळ्यात उपेक्षित हत्यार आहे.

तयार संचांविषयी विचारणा होते. दुकानात खोक्यात सगळं कापून, भोकं पाडून, मोजून दिलेलं असतं आणि मुलानं क्रमांक बघत जोडायचं असतं. काही संच सुबक असतात, पावसाळ्याच्या सुट्टीत वेळही बरा जातो. पण त्यात जे ठरवायचं ते सगळं आधीच कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं. कागद कुठल्या बाजूनं घ्यायचा, दोरा किती लांब, चुकलं तर काय करायचं, हे प्रश्नच उरत नाहीत. मूल वस्तू करतं, पण सामान त्याला अनोळखीच राहतं. शिवाय एक भाग हरवला की सगळं अडतं. रद्दीच्या गठ्ठ्यापुढे असा प्रसंग येत नाही.

कापडाच्या प्रकरणात गोधडी आहे, पण पूर्ण पांघरुणाची नाही. ती महिन्याची कामगिरी, इथं बाळाचं दुपटं आणि बसायचं आसन आहे. गोधडीचं सगळं बळ धावदोऱ्यात आहे. जुनी, मऊ झालेली सुती लुगडी-धोतरं थरावर थर ठेवली की प्रत्येक थर एकटा कमजोर असतो, पण बोटभर अंतरावर चालत गेलेले टाके त्यांना बांधून टाकतात आणि मधे हवा कोंडून राहते. ऊब त्या हवेची. म्हणून टाके ओढून घट्ट घेऊ नयेत, कापड दबलं की ऊब कमी होते. सातारा-कोल्हापूरकडे हिलाच वाकळ म्हणतात आणि तिथल्या आज्या टाका कडेकडून मध्याकडे, चौकोनात फिरवत नेतात. तेवढ्यानं थर सरकत नाहीत. या कामाला मशीन नको, आणि घाईही नको.

कागदाच्या लगद्याची टोपली ही आता जवळजवळ विसरलेली वस्तू. रद्दी दोन-तीन दिवस भिजवायची, वाटायची, भिजवलेली मेथी वाटून त्यात घालायची आणि पालथ्या भांड्याच्या बाहेरून थापायची. मेथी चिकट असते, आणि तिच्या कडूपणामुळे कीड लागत नाही, असं जुन्या बायका सांगतात. वाळली की भांड्यावरून टोपली सुटून येते. हलकी, मजबूत, कोरडं काहीही ठेवायला उत्तम. ही वस्तू ‘एका बैठकीत’ या अटीत बसत नाही अशी शंका येईल. हाताचं काम तासाभराचं आहे, उरलेलं काम उन्हाचं. ‘एका बैठकीत’ म्हणजे आपला वेळ कमी जावा, एवढाच अर्थ मी घेतला आहे. वाळायला, मुरायला, भिजायला जो वेळ लागतो तो कमी करायला गेलं की वस्तू बिघडते. प्रत्येक कृतीच्या सुरुवातीला म्हणून दोन वेळा दिल्या आहेत, हाताची वेळ आणि वाळायची वेळ.

संक्रांतीचे हलव्याचे दागिने घेतले आहेत, ते मात्र थोडक्यात. नव्या सुनेसाठी आणि बोरनहाणाच्या बाळासाठी पुठ्ठा, सोनेरी कागद, दोरा आणि काटेरी हलवा यातून हार, बाजूबंद, मुकुट घरोघरी होत असत. आता ते बहुतेक ठिकाणी विकत आणतात. हलवा घरी करणं कठीण, पण आणलेल्या हलव्याचा हार घरी ओवणं मुळीच कठीण नाही आणि त्याला एक दुपार पुरते.

या कामांत पुरुषांना जागा नाही असा समज कुठून आला कळत नाही. आकाशकंदील आणि दिवाळीचा किल्ला ही तर घरातल्या मुलग्यांची, काकांची, शेजारच्या दादाचीच कामं. डॉ. अनिल अवचट डॉक्टर होते, पत्रकार होते, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे संस्थापक होते. ते कागदाच्या घड्या घालत, लाकूड कोरत, बासरी वाजवत आणि त्यांनी ‘छंदांविषयी’ हे पुस्तक लिहिलं. त्यात हाताच्या कामाबद्दलची त्यांची आस्था पानोपानी आहे. हाताला काम मिळालं की डोकं शांत होतं, हे निवृत्त माणसांना आणि दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या तरुणांना मी आवर्जून सांगते.

मुलांसोबत करणाऱ्यांना एक विनंती. मुलाचं काम त्याच्या हातून काढून घेऊन सुबक करून देऊ नका. वाकडी कापलेली कड तशीच राहू द्या. मुलानं कापायचं, मोठ्यानं धरायचं. मुलानं खळ लावायची, मोठ्यानं आच सांभाळायची. धारदार कटर, दाभण आणि गरम भांडं एवढंच मोठ्यांकडे ठेवा. शाळेत नेऊन दाखवायच्या वस्तू रात्री अकरा वाजता आईवडिलांनी पुऱ्या करायच्या, हे फार घरांत चालतं. त्यातून मूल एवढंच शिकतं की आपल्याला जमत नाही.

हत्यारांची यादी लहान आहे. एक चांगली कात्री, आणि कापडाची वेगळी, कारण कागद कापून कात्रीची धार जाते. स्टीलची पट्टी, लाकडी पट्टीला कटर खातो. दाभण, दोन सुया, सुतळी, पक्का दोरा. दाबून सपाट करायला लाटणं, वजनाला जाड पुस्तकं. बाकी लागेल ते स्वयंपाकघरात आणि अडगळीच्या खोलीत आहे. रंगीत कागद घ्यायचाच असेल तर स्टेशनरीच्या दुकानात पतंगाचा कागद, घोटीव कागद आणि कार्डशीट एवढी तीन नावं सांगा, कुठल्याही गावात मिळतील.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं पाहिजे असं नाही. पण कागदाच्या प्रकरणातले दिशा ओळखायचे प्रयोग मात्र आधी करा. त्याला लागतं एक जुनं वर्तमानपत्र, थोडं पाणी आणि पाव तास. त्यानंतर दिवाळी जवळ असेल तर थेट बांबूवर जा, घरात बाळ येणार असेल तर दुपट्यावर, आणि काहीच निमित्त नसेल तर पाकिटापासून सुरुवात करा. पाकिटाला गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेचा कागद उत्तम, जाडसर आणि खळ पिणारा. गुळगुळीत आर्ट पेपरला खळ लागत नाही, तिथं फेविकॉल घ्या.